फ्रीजमधल्या बिस्किट-क्रीम केकला पाणी सुटतं, थर घसरतात: नेमकं बिघडतं कुठे?

तुकडा कापून ताटलीत ठेवेपर्यंत त्याच्या खालून गुलाबी पाण्याची रेघ निघते. वरचं क्रीम एका बाजूला कलतं, मधल्या स्ट्रॉबेरीच्या चकत्या घसरून बाहेर येतात आणि तळाचं बिस्किट डब्याला ओल्या कणकेसारखं चिकटून बसतं. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साताऱ्याच्या बाजारात आली की ही तक्रार सुरू होते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या केकचीही तीच गत, फक्त पाणी पिवळं.

बहुतेक जण दोष क्रीमला देतात आणि पुढच्या वेळी जास्त फेटतात. त्याने क्रीम फुटतं आणि पाणी होतं तेवढंच राहतं.

या केकला ओव्हन नाही, अंडं नाही. भाजलेल्या केकमध्ये उष्णतेने अंडं आणि मैदा घट्ट होतात आणि केक उभा राहतो. इथे आधार दोनच: गारव्याने घट्ट झालेलं क्रीममधलं फॅट, आणि ओल्या थरातून कोरड्या बिस्किटात हळूहळू जाणारं पाणी. बिस्किटांना हवं तेवढंच पाणी मिळालं तर ती स्पंजसारखी मऊ होतात. जास्त झालं की लगदा, कमी पडलं की कुरकुरीत. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीत आधी एकच बघायचं: हे पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे.

आधी एक माप ठरवू, म्हणजे पुढचं बोलणं मोघम राहणार नाही.

२० सेंटिमीटर लांब-रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल चौकोनी डबा किंवा काचेचं भांडं. मारी बिस्किटं ३६ ते ४०. व्हिपिंग क्रीम ४०० मिली, घट्ट चक्का २०० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, व्हॅनिला पाऊण चमचा. स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम आणि तिच्यासाठी साधी साखर ३० ग्रॅम. रचना अशी: तळाला क्रीमचा पातळ हात, बिस्किटं, क्रीम, फळं, बिस्किटं, क्रीम, फळं, बिस्किटं आणि सगळ्यात वर क्रीम. फ्रीजमध्ये ८ तास, रात्रभर असेल तर उत्तमच.

तळाला पाणी साचतं

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं, आंब्यात ८३, द्राक्षात ८१. ते पेशींच्या आत आहे तोवर काही त्रास नाही. ते बाहेर कसं येतं, यावर सगळं अवलंबून आहे.

पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण साखर. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालायचं, नाहीतर काकडीला पाणी सुटतं, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. पण तीच माणसं चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरून लगेच थर लावतात. मग साखर आपलं काम केकच्या पोटात रात्रभर करत राहते. सकाळी भांडं तिरपं केलं की कोपऱ्यात पाव वाटी रस.

यावर उपाय म्हणजे हे पाणी केकच्या बाहेरच काढून घेणं. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा. देठ काढून धुतलं तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं आणि नंतर तेच बाहेर येतं. धुतलेली फळं सुती पंचावर पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, मग देठ काढून ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. ३० ग्रॅम साखर लावून ४० मिनिटं झाकून ठेवा. त्यानंतर चकत्या चाळणीत ओता आणि २० मिनिटं निथळू द्या. दाबू नका. दाबल्या तर चकत्या मोडतात आणि गरही खाली जातो. खाली पाव ते अर्धी वाटी रस जमेल. हाच रस एरवी केकच्या तळाशी साचला असता.

तो रस फेकायचा नाही, कारण स्ट्रॉबेरीची चव त्याच्यातच आहे. छोट्या पातेल्यात मंद आचेवर आटवून दाट करा, पूर्ण गार करा आणि फळांच्या थराखाली क्रीमवर रेघांनी सोडा. आटवायला वेळ नसेल तर १०० मिली रसाला एक सपाट चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवून घाला आणि बुडबुडे येऊन चकाकी येईपर्यंत शिजवा. असा घट्ट झालेला रस जागचा हलत नाही.

दुसरं कारण घाई. संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून केक ‘लवकर सेट व्हावा’ यासाठी फ्रीजरमध्ये ठेवला जातो. फळातलं पाणी गोठताना फुगतं, पेशींच्या भिंती फाटतात, आणि केक वितळू लागला की कधी साखर न लावलेली स्ट्रॉबेरीसुद्धा स्पंज पिळल्यासारखं पाणी सोडते. वर क्रीम छान कडक दिसतं, म्हणून फसायला होतं. केक सेट व्हायला फ्रीजचा खालचा भागच वापरा. फ्रीजरचा उपयोग फक्त कापायच्या आधी ३० मिनिटं. तेवढ्यात बाहेरची बाजू घट्ट होते, आतली फळं गोठत नाहीत. याच कारणाने पाकिटातली गोठवलेली स्ट्रॉबेरी थरात घालू नये. ती शिजवून सॉस करायला चांगली.

तिसरं कारण चक्का. बोटावर घेतलेला चक्का उलटा धरला तरी पडता कामा नये, आणि टिपकागदावर एक चमचा ठेवून पाच मिनिटांनी पाहिलं तर भोवती ओली कड फार पसरलेली नसावी. पसरली असेल तर मलमलच्या फडक्यात बांधून वर वजन ठेवा आणि फ्रीजमध्ये आणखी ४ तास ठेवा. गुढीपाडव्याच्या दिवसांत डेअरीवर गर्दी असते, तेव्हा आणलेला चक्का हमखास तपासून घ्यावा. आणि तो गाळणीतून घासून घ्या. चक्क्याच्या गुठळीभोवती पाणी लवकर सुटतं आणि क्रीमही सारखं मिसळत नाही.

फळं विकत घेतानाच अर्धं काम होतं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, फक्त मऊ होते. म्हणून देठाशी पांढरी असलेली घेऊन दोन दिवस ठेवण्यात फायदा नाही. वाई-पाचगणी रस्त्यावर घ्या किंवा मंडईत, खोका उलटून तळाची फळं बघा. तळाची दबलेली असतील तर त्यांना आधीच पाणी सुटलेलं असतं. कॅमारोसासारखी घट्ट गराची जात थरांसाठी चांगली. स्वीट चार्ली खायला गोड पण नाजूक, ती वरच्या सजावटीला ठेवा.

सांगलीकडच्यांना एक सोपी सोय हाताशी आहे: बेदाणे. ४० ग्रॅम बेदाणे बारीक चिरून फळांच्या थरात विखुरले की ते आजूबाजूचा रस ओढून घेतात आणि सकाळपर्यंत टपोरे होतात. धुतले असतील तर अगदी कोरडे करून मगच घाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावची सोनाका किंवा माणिक चमन द्राक्षं आली की खरं तर हा केक स्ट्रॉबेरीपेक्षाही सोपा होतो. द्राक्षाची साल रस धरून ठेवते. उभी अर्धी कापायची, कापलेली बाजू खाली करून टिपकागदावर १५ मिनिटं ठेवायची. साखर लावायची नाही.

क्रीम फुलत नाही, किंवा फुलता फुलता फुटतं

इथे आधी पाकिटावरचा फॅटचा आकडा वाचा. किराणा दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या टेट्रापॅकमध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. फेटताना हवेच्या बुडबुड्यांभोवती फॅटचे कण एकमेकांना चिकटून भिंत बांधतात. ३० टक्क्यांच्या खाली ती भिंत पुरी होत नाही. ३५ टक्के असेल तर काम निश्चिंत. २५ टक्क्यांचं क्रीम अर्धा तास फेटलं तरी दह्याच्या लस्सीपलीकडे जात नाही, आणि बीटर मात्र तापतो.

तेच क्रीम वापरायचं असेल तर पाकीट न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये उभं ठेवा, वरून कापून घट्ट भाग चमच्याने काढा आणि तळाचं पातळ पाणी बाजूला ठेवा. या घट्ट भागात तेवढाच चक्का मिसळा. ते फुगणार नाही, पण थर धरेल. चव थोडी श्रीखंडाकडे झुकते. द्राक्षं आणि आंबा यांच्याबरोबर ती वाईट लागत नाही.

केकच्या साहित्याच्या दुकानात मिळणारं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वेगळं. ते वनस्पती-फॅटचं असतं, उणे १८ अंशांवर गोठवलेलं मिळतं, त्यात साखर आधीच असते आणि फेटल्यावर तिप्पट-चौपट फुगतं. म्हणून वरच्या मापात ४०० मिलीऐवजी २५० मिली पुरेल आणि ६० ग्रॅम पिठीसाखर पूर्ण वगळायची. ते रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, ओट्यावर नको. आत बर्फाचे बारीक कण जाणवत असतानाच फेटायला घ्या. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवलं तर ते नीट फुलत नाही. उन्हाळ्यात सांगलीत पारा ३८-४० अंशांवर असतो तेव्हा हेच टिकतं, हे मान्य करावं लागतं. पण त्याचा तुपकट थर टाळूला राहतो, आणि ताज्या फळाची चव त्याखाली दबते. हे आणि दुधाचं क्रीम अर्धं-अर्धं, वेगवेगळं फेटून मग एकत्र केलं तर चवही राहते आणि आकारही. हिवाळ्यात मात्र दुधाचंच क्रीम वापरा. तेव्हा दुसरं काही वापरायचं कारण नाही.

घरची साय या कामाला चालत नाही. म्हशीच्या दुधाची आठवडाभर साठवलेली साय घट्ट आणि भरपूर फॅटची असते, हे खरं. पण ती तापलेल्या दुधावरची असते, तिच्यातलं फॅट एकमेकांना आधीच चिकटलेलं असतं. फेटायला घेतली की मिनिटभरात लोणी येऊ लागतं, ताक घुसळताना येतं तसंच. ती साय चक्क्यात दोन चमचे कालवा, चक्का रेशमी होतो.

आता तापमान. क्रीम १० अंशांच्या वर गेलं की फॅट मऊ पडतं आणि हवा धरत नाही. भांडं आणि बीटरची पाती २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. भांडं स्टीलचं घ्या, प्लास्टिक लवकर गार होत नाही. मोठ्या परातीत बर्फ आणि मूठभर खडे मीठ टाकून त्यात ते भांडं बसवा. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं. एप्रिलमध्ये हे काम सकाळी सात वाजता उरकावं, दुपारी दोनला हात घालू नये. आणखी एक गोष्ट सहज निसटते: घरी मिक्सरमध्ये साखर दळली की ती कोमट असते. गरम पिठीसाखर क्रीममध्ये पडली की भांडं गार करण्याचे कष्ट वाया. साखर आदल्या दिवशी दळून ठेवा.

कधी थांबायचं, हे डोळ्यांनी ओळखा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग पात्यांच्या मागे रेघा उमटून लगेच मिटतात. रेघा मिटायच्या थांबल्या की वेग कमी करा. पातं उचललं तर टोक उभं राहून फक्त शेंडा वाकला पाहिजे. थरांसाठी इथेच थांबायचं. यापुढे २०-३० सेकंदांत पृष्ठभाग खडबडीत, रव्याच्या खिरीसारखा दाणेदार दिसू लागतो. तसं दिसलंच तर बीटर बंद करून दोन-तीन टेबलस्पून गार पातळ क्रीम घालून हाताने हलक्या घड्या घाला, बहुतेक वेळा सावरतं. पण भांड्याच्या कडेला पांढरट पाणी दिसलं तर ते लोणी झालं. मग ते लोणी म्हणूनच वापरा.

चक्का मिसळताना तो क्रीमइतकाच गार हवा. आधी चक्क्यात दोन डाव क्रीम घालून तो सैल करा, मग उरलेलं क्रीम घड्या घालत मिसळा. इथे बीटर चालवला तर हवा निघून जाते.

नुसत्या फेटलेल्या दुधाच्या क्रीमला दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सुटतंच. चक्का ते बरंच रोखतो. केक दोन दिवस ठेवायचा असेल तर पिठीसाखरेत दोन टेबलस्पून दूध पावडर चाळून घाला.

बिस्किटं: मधली कडक, खालची लगदा

एकाच केकमध्ये दोन्ही तक्रारी असू शकतात आणि बहुधा असतातच.

कडक राहण्याचं कारण वेळ किंवा ओलावा कमी पडणं. दूध न लावलेल्या मारीला दोन्ही बाजूंनी क्रीम असेल तर ६ ते ८ तास लागतात. तळाच्या बिस्किटांना फक्त वरूनच क्रीम मिळतं, खाली कोरडं भांडं. म्हणून तळाला दोन टेबलस्पून क्रीमचा हात फिरवणं हा फक्त दिसण्याचा भाग नाही. त्याने बिस्किटं मऊ होतात आणि जागेवरून हलतही नाहीत. झालं की नाही बघायला मधोमध टूथपिक सरळ खाली घाला. प्रत्येक थरात अडखळली तर आणखी दोन तास.

वेळ खरंच कमी असेल तर बिस्किटं दुधात बुडवा. दूध फ्रीजचं गार, ताटलीत जेमतेम अर्धा सेंटिमीटर, बिस्किट एका बाजूने टेकवून उलटं करायचं आणि लगेच उचलायचं. ‘एक’ म्हणेपर्यंत काम झालं पाहिजे. चहात बुडवतो तसं धरून ठेवायचं नाही. कोमट दूध तर अजिबात नको. अशा केकला ४ तास पुरतात, पण दुसऱ्या दिवसापर्यंत तो मऊ पडतो.

मारीच का? तिच्यात फॅट आणि साखर दोन्ही कमी, त्यामुळे ओलावा सारखा पसरतो आणि बिस्किट आकार सोडत नाही. ग्लुकोज बिस्किट लवकर शोषतं आणि लवकरच विरघळतं. वापरायचं तर दूध अजिबात लावू नका आणि ५ तासांत केक संपवा. डायजेस्टिव्ह भुसभुशीत होतात, कापताना तुकडे पडतात. क्रीमची बिस्किटं आणि नानकटाई या केकला नकोत, त्यांच्यातलं फॅट पाणी आत येऊ देत नाही. बेकरीतले साधे टोस्ट मात्र चांगले, पण जाड असल्याने ते दुधात तीन-चार सेकंद बुडवावे लागतात.

पावसाळ्यात साताऱ्या-वाईकडे उघडा पुडा एका दुपारी सादळतो. सादळलेली बिस्किटं आधीच ओलावा पिऊन बसलेली असतात, वरून क्रीम लागलं की लगदा ठरलेला. नवा पुडा उघडा, किंवा तव्यावर जाळी ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं गरम करून पूर्ण गार करा.

लगद्याचं दुसरं कारण थरांचा क्रम. फळ थेट बिस्किटांवर ठेवलं की रस सरळ खाली जातो. आधी क्रीम, मग फळ. क्रीममधलं फॅट रस अडवतं.

थर घसरतात, काप उभा राहत नाही

फळांच्या ओल्या चकत्या दोन थरांमध्ये आडव्या पसरल्या की त्या साबणाच्या वडीसारखं काम करतात. वरचं बिस्किट आणि खालचं क्रीम यांचा एकमेकांना स्पर्शच होत नाही. चकत्या क्रीमवर ठेवून बोटाने हलक्या दाबा, अर्ध्या बुडाल्या पाहिजेत, आणि त्यांच्या मधल्या फटीतून क्रीम वर दिसलं पाहिजे. त्यावर बिस्किट ठेवलं की ते त्या क्रीमला चिकटतं. कडेने एक सेंटिमीटर पट्टी फळाविना सोडा. तीच भिंत होते.

बिस्किटं रचताना गवंड्याकडे बघा. विटांचा सांधा सांध्यावर येऊ देत नाही तो. पहिल्या थरात बिस्किटं कोपऱ्यापासून लावली असतील तर दुसऱ्यात अर्ध्या बिस्किटाने सुरुवात करा. गोल मारीच्या मधल्या त्रिकोणी फटी तुकड्यांनी भरा, नाहीतर तिथे क्रीमचा खड्डा पडतो आणि सुरी नेमकी तिथेच घसरते. प्रत्येक थर लावून झाला की ताटलीच्या पाठीने अगदी हलकं दाबा, म्हणजे आतली हवा निघते.

कापताना पातळ पात्याची लांब सुरी उकळत्या पाण्यात धरा, पुसून कोरडी करा, सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. पहिला तुकडा मोडतोच, तो घरातल्यांसाठी.

केक कडू लागतो

हे अननस आणि किवीचं काम. ताज्या अननसात ब्रोमेलेन आणि किवीत ॲक्टिनिडिन हे प्रथिनं तोडणारे घटक असतात. कच्च्या-पक्क्या पपईतही तसाच एक असतो. दुधातली प्रथिनं तुटली की त्यांचे छोटे तुकडे कडू लागतात. केक संध्याकाळी गोड, सकाळी कडू, वर क्रीम पातळ. चक्का बिघडला होता असं समजून दुकानदाराशी भांडू नका.

अननसाचे तुकडे साखर घालून उकळी आल्यावर ७ मिनिटं शिजवा, निथळून गार करून वापरा. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो, तो तसाच चालतो. किवी फक्त वाढताना वर ठेवा. सीताफळाचं बरोबर उलटं आहे, तापवलं की गर कडू होतो. तो कच्चाच, बिया काढून, चक्क्यात मिसळा. आटपाडीकडचे डाळिंबाचे दाणे अख्खे असेपर्यंत रस सोडत नाहीत, पण थरात दबले की फुटतात. ते वरच ठेवा.

जिलेटिनच्या दोऱ्या, चायना ग्रासच्या गुठळ्या

उन्हाळ्यात केक प्रवासाला न्यायचा असेल तर ४०० मिली क्रीमला एक सपाट चमचा जिलेटिन आधार देतं. दोन टेबलस्पून गार पाण्यात १० मिनिटं भिजवा, गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून विरघळवा, उकळू नका. बोट बुडवलं तर ना गरम ना गार लागेल इतकं निवू द्या. मग त्यात दोन डाव क्रीम घालून हलवा आणि ते मिश्रण उरलेल्या क्रीममध्ये मिसळा. सरळ गार क्रीमवर ओतलं की ते पडता पडता गोठतं आणि दाताखाली रबराच्या दोऱ्या येतात.

जिलेटिन प्राणिजन्य आहे. शाकाहारी घरात केक न्यायचा असेल तर ते आधी सांगा किंवा वापरूच नका.

चायना ग्रास वनस्पतीचं, पण त्याची रीत अगदी वेगळी. त्याला दोन मिनिटं खळखळून उकळावं लागतं आणि ३५-४० अंशांवरच ते गोठायला लागतं. म्हणजे गार क्रीममध्ये ते घालणं जवळजवळ अशक्य. ते क्रीममध्ये घालूच नका, फळांच्या रसात घाला. एक वाटीभर रसाला पाव चमचा पावडर, उकळून, कोमट असताना फळांवर ओतायची. हा थर वेगळ्या ताटलीत आधी गोठवून मग उचलून ठेवला तर क्रीमला उष्णता लागत नाही. अननस-किवीचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

फ्रीजमधल्या बारीकसारीक गोष्टी

वरच्या क्रीमवर खड्डे पडलेले आणि त्यात पाणी असेल तर ते झाकणावरून ठिबकलेलं पाणी. ढोकळा वाफवताना झाकणाला फडकं बांधतो, तसंच पातळ सुती फडकं भांड्यावर ताणून मग झाकण लावा. उघडा ठेवलात तर कांदा-लसणाचा वास क्रीम लगेच धरतं.

लाइट गेली तर दार उघडून बघू नका. बंद फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो. बाहेर ठेवलेला केक दोन तासांत संपवा, कडक उन्हाळ्यात एका तासात. फ्रीजमध्ये दोन दिवस. साताऱ्याहून सांगलीला न्यायचा असेल तर भांड्यातून काढू नका, तसाच थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवा आणि पोचल्यावर कापण्याआधी पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

आणि आजचाच केक ढासळला असेल, पाहुणे दारात असतील, तर तो तुकडे करून वाढायचा नाद सोडा. भांडं तिरपं करून पाणी ओतून टाका, डावाने केक उचलून काचेच्या ग्लासात भरा, मधे दोन कोरड्या मारींचा जाडसर चुरा टाका आणि १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. चुरा उरलेलं पाणी पितो. वर दोन ताज्या स्ट्रॉबेरी, आणि चमचा देऊन वाढा.